सेल्फ मारला की आधी ऐका: मायनस तीसमधली पिकअप

डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली थिजते, मग ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची आणि कडेकडेने जेवढं सुटेल तेवढ्यावर भागवायचं, हे आपल्यातल्या कुणालाच वेगळं सांगायला नको. खोबरेल २४ डिग्रीच्या आसपास थिजायला लागतं. आता तुमच्या गाडीत इंजिन ऑइल, गिअरचं ऑइल, ग्रीस, कूलंट, शॉकअपमधलं तेल, बॅटरीतलं अ‍ॅसिड आणि डिझेलची असेल तर डिझेल, अशी सहा-सात खोबरेलं भरलेली आहेत आणि बाहेर मायनस ३२ आहे असं समजा. हिवाळ्यात पिकअपला जे जे होतं त्यातलं निम्मंअधिक तिथेच कळून जातं.

मी निफाडकडचा. महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात ज्या गावाचं नाव पहिलं येतं तिथला, म्हणजे पारा पाचच्या खाली गेला की रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्यांपैकी, त्यामुळे थंडी काय असते हे आपल्याला माहितीये असा माझा गोड गैरसमज होता. कामानिमित्त कॅनडात एडमंटनला आलो, ऑगस्टमध्ये एक जुनी पेट्रोल पिकअप घेतली, व्ही-एट इंजिन, मागे साडेसहा फुटी हौदा, आणि पुढच्या जाळीतून एक तीन पिनांचा प्लग लोंबत होता. मला वाटलं आधीच्या मालकाने काहीतरी वायरिंगचा जुगाड केलाय. मी ती वायर व्यवस्थित गुंडाळून झिपटायने, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीने, आत बांधून टाकली आणि स्वतःवरच खूश झालो. जानेवारीत एका सकाळी मायनस ३२ ला सेल्फ मारला तर गाडीने म्हाताऱ्या म्हशीसारखं एक लांब हंबरून घेतलं आणि गप्प. गावी आण्णांना फोन केला तर म्हणाले, "अरे, उतारावर लाव ना मग." ऑटोमॅटिक गाडीला धक्का स्टार्ट चालत नाही, हे त्यांना कसं सांगणार.

तर मुद्दा असा की "गाडी चालू होत नाही" ही एक तक्रार नाही, निदान तीन आहेत, आणि कुठली ते सेल्फच्या आवाजावरून कळतं. नुसतं टकटकटक झालं आणि डॅशबोर्डचे लाइट मंदावले तर बॅटरी. घंऽऽ… घंऽऽ… असं ओढत ओढत फिरलं तर बॅटरी अधिक घट्ट झालेलं ऑइल. आणि सेल्फ एकदम मस्त जोरात फिरतोय पण इंजिन पकडतच नाही, तर तेल पोचत नाहीये, म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल. बोनेट उघडायच्या आधी, यूट्यूब उघडायच्या आधी, चावी फिरवून काच वर करून पाच सेकंद ऐका. सेल्फही सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे मिनिटभर थांबा, नाहीतर बॅटरी तर जाईलच, सोबत सेल्फची मोटरही जळेल.

बॅटरी आधी. बॅटरीच्या आत रसायनांचं काम चालतं आणि ते थंडीत मंदावतं. मायनस १८ ला चांगली बॅटरीसुद्धा आपल्या ताकदीच्या साधारण ४० टक्केच देते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा दुप्पट किंवा जास्त जोर लागतो. म्हणजे मजूर अर्धपोटी आणि पोतं डबल. म्हणूनच इथे बॅटरी घेताना नुसतं बारा व्होल्ट बघत नाहीत, तिच्यावर सीसीए म्हणून एक आकडा असतो तो बघतात. मायनस १८ डिग्रीला ती बॅटरी ३० सेकंद सलग किती अँपिअर देऊ शकते, तेही व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, तो हा आकडा. मोठ्या पिकअपला सातशेच्या आसपास किंवा जास्त असलेली बरी. व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर घरात असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर लावून बघा, १२.६ म्हणजे पोट भरलंय, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला काढा. आणि चार-पाच वर्षं झाली असतील तर ऑक्टोबरमध्येच बदलून मोकळे व्हा. गंमत म्हणजे बॅटरी झिजते उन्हाळ्यातल्या उष्णतेने, थंडी फक्त तिचं पितळ उघडं पाडते.

एक धोक्याची गोष्ट. उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं, ते मायनस दहाच्या आसपास गोठू शकतं, फुल चार्ज असलेली मात्र मायनस पन्नासलाही गोठत नाही. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर तिला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची केबल लावून चालू करायला, म्हणजे जंप मारायला, जाऊ नका, फुटते. बाकी जंपची पद्धत सोपीच आहे: लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला, काळी चांगलीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनच्या कुठल्यातरी उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, एवढंच त्याचं कारण. त्या सकाळी मला हे सगळं समोरच्या घरातल्या आजोबांनी दाखवलं, पायजम्यावर जाड कोट घालून आले होते, केबल लावून झाल्यावर माझ्या जाळीत हात घातला, झिपटाय खिशातल्या चाकूने कापला आणि तो प्लग माझ्या हातात दिला.

तो प्लग म्हणजे ब्लॉक हीटर. इंजिनच्या ब्लॉकमध्ये, कूलंटच्या पाण्यात बुडलेला एक छोटा हीटिंग रॉड, आपल्याकडे बादलीत पाणी तापवायला टाकतात ना तोच प्रकार, साधारण चारशे ते हजार वॉटचा. रात्री गाडी घरातल्या प्लगला लावायची. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने या कल्पनेचं पेटंट १९४९ मध्ये घेतलं, आणि आज इथे ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेसमोर खांबाला सॉकेट असतं. नवीन आलेल्या माणसाला सगळीकडे इलेक्ट्रिक गाड्याच आहेत असं वाटतं. हा हीटर कूलंट तापवतो, कूलंटने ब्लॉक तापतो, ब्लॉकमुळे ऑइल जरा सुटतं. मायनस १५ च्या खाली जाणार असेल तर लावायचा. पण रात्रभर लावून बिल वाढवायची गरज नाही, निघायच्या तीन-चार तास आधी पुरतो, साधा टायमर मिळतो, बाहेरच्या थंडीत चालणारा घ्यायचा आणि एक्स्टेन्शनची वायरपण बाहेरचीच, घरातली वायर मायनस तीसला काडीसारखी कडक होते आणि वाकवली की वरचं कव्हर तडकतं. १३ जानेवारी २०२४ ला थंडीच्या लाटेत आमच्या प्रांताची, अल्बर्टाची, वीज कमी पडायला लागली तेव्हा सगळ्यांच्या फोनवर सरकारी अलर्ट वाजला होता, त्यात गरज नसलेले लाइट बंद करा वगैरे होतंच, पण ब्लॉक हीटर लावणं जरा पुढे ढकला असंही लिहिलं होतं. यावरून समजा की या प्लगांचं प्रकरण इथे किती मोठं आहे.

आता ऑइल. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातल्या डब्ल्यूला बरेच जण वेट समजतात, तो विंटरचा डब्ल्यू आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. ०डब्ल्यूचं ऑइल मायनस ३५ ला इंजिन फिरू देतं की नाही हे तपासलेलं असतं, ५डब्ल्यूचं मायनस ३० ला, १०डब्ल्यूचं मायनस २५ ला. आण्णांच्या डिझेल पिकअपमध्ये १५डब्ल्यू-४० पडतं, ते निफाडला एकदम बरोबर आहे, इथे जानेवारीत तेच ऑइल म्हणजे काकवी. गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू चालेल असं लिहिलं असेल तर हिवाळ्याआधीच्या ऑइल बदलीला सिंथेटिक ०डब्ल्यू भरून टाका, डॅशच्या पलीकडचा आकडा मात्र पुस्तकात आहे तोच ठेवायचा. घंऽऽ घंऽऽ हा आवाज निम्मा तिथेच जातो.

चालू झाल्यावर किती वेळ उभी ठेवायची यावर इथे लोक राजकारणासारखे भांडतात. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनला ऑइल सगळीकडे पोचायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात, मग हळूहळू चालवतच गरम करायची, कारण उभ्या गाडीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांची बेअरिंग यातलं काहीच गरम होत नाही. काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत थांबावंच लागतं ते वेगळं, समोरचं दिसल्याशिवाय निघू नये. पहिला एक किलोमीटर गाडी ठकठक ठकठक करत जाईल, जणू टायर चौकोनी झालेत, घाबरू नका, रात्रभर एका जागी उभं राहून टायरचा खालचा भाग चपटा होऊन आखडलेला असतो, चालून चालून गोल होतो. आणि रोज फक्त पाच मिनिटांच्या अंतरावर जात असाल तर ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर दिसेल. इंजिनमधली वाफ थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते, पूर्ण तापल्याशिवाय ती उडून जात नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला पळवा, जाईल. पण लोणीही दिसतंय आणि कूलंटही कमी होतंय असं असेल तर हेड गॅस्केटचा मामला असू शकतो, मग मेस्त्रीकडे.

तिसरा आवाज, सेल्फ मस्त पण इंजिन पकडत नाही. पेट्रोल काही इथल्या थंडीत गोठत नाही, गोठतं ते टाकीतलं पाणी. टाकी रिकामी असली की आतल्या हवेतली वाफ भिंतीवर जमते, थेंब खाली बसतो आणि पाइपात जाऊन त्याचा खडा होतो. म्हणून हिवाळ्यात काटा अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही हा इथला अलिखित नियम, रस्त्यात बर्फात अडकलात तर हीटर चालू ठेवायलाही तेच पेट्रोल कामाला येतं.

डिझेलवाल्यांचं दुखणं जरा खोल आहे. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत त्याचे बारीक कण तयार होतात, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग ते कण फिल्टरला चिकटतात आणि शेवटी सगळ्याची जेली होते, म्हणजे पुन्हा आपलं खोबरेलच. त्यामुळे हिवाळ्यात पंपावर मिळणारं डिझेलच वेगळं असतं. आपल्याकडेही हा प्रश्न आहे, लडाखमध्ये ड्रायव्हर लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, मग २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने मायनस ३३ पर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल तिथे आणलं. इथे फसायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सप्टेंबरमध्ये भरलेलं डिझेल टाकीत तसंच ठेवून पहिल्या कडाक्यात गाडी काढायची. बाटलीतलं अँटी-जेल मिळतं, पण ते आधी टाकायचं असतं, जेली झाल्यावर वरून ओतून उपयोग नाही, मग गाडी उबदार गॅरेजमध्ये ओढून नेऊन फिल्टर बदलणं एवढंच उरतं. ग्लो प्लग, ज्याला आपले ड्रायव्हर हीटर म्हणतात, त्याचा पिवळा वेटोळ्याचा लाइट जाईपर्यंत सेल्फ मारू नका. आणि नवीन डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला वापरतात तो युरियाचा द्रव, डीईएफ, मायनस ११ लाच गोठतो, त्याच्या टाकीत गाडीचाच हीटर असतो, तेव्हा तो गोठला म्हणून काही बिघडत नाही, त्यात पाणी किंवा आणखी काही मिसळायला जाऊ नका.

कूलंटबद्दल एक गोष्ट मला स्वतःला उलटी वाटायची. रेडिएटरमध्ये अर्धं ग्लायकोल अर्धं पाणी घातलं की ते मायनस ३७ पर्यंत टिकतं. मग नुसतं ग्लायकोल घातलं तर मायनस ऐंशीपर्यंत टिकेल ना? नाही. नुसतं ग्लायकोल मायनस १३ च्या आसपासच गोठतं. दोघं मिसळले की एकमेकांना गोठू देत नाहीत, एकट्यात तो गुण नाही. इथे ६० टक्के ग्लायकोल आणि ४० टक्के पाणी ठेवलं की भरपूर झालं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी ओततात, ते इथे केलंत तर पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि लोखंडी ब्लॉकला चीर जाते, मग नवं इंजिन. केबिनच्या हीटरमधून गार हवा येत असेल तरी पहिला संशय कूलंटवरच घ्या, कमी झालं असेल. ते ठीक असेल आणि तापमानाचा काटा अर्धा तास चालवूनही वर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, स्वस्तातला पार्ट आहे, लगेच बदलून घ्या.

पिकअपची स्वतःची अशी एक खोड आहे. इंजिन पुढे, सगळं वजन पुढे आणि मागे रिकामा हौदा, रिकामा टेम्पो खड्ड्यातून कसा उडत जातो ते आठवा. बर्फावर ही मागची बाजू सिग्नलवरून निघतानाच नाचायला लागते, वळणावर तर गाडीच्या पुढे यायला बघते. उपाय एकदम गावठी, वाळूची पोती. तीस-तीस किलोची पाच-सहा पोती मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर ठेवायची, पार मागे फाळक्याला चिकटवून नाही, आणि पट्ट्याने घट्ट बांधायची, नाहीतर जोरात ब्रेक मारला की तीच केबिनवर येऊन आदळतात. अडकलात तर एक पोतं फोडून चाकाखाली टाकायलाही होतं. वाळू कोरडी घ्या, ओली पोती गोठून दगड होतात, मी ते करून बसलोय.

फोर बाय फोरचा माज करू नका. ते निघायला मदत करतं, थांबायला नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. डिसेंबरच्या पहिल्या बर्फाला इथे खड्ड्यात पडलेल्या गाड्या मोजल्या तर मोठ्या फोर बाय फोर पिकअप काही कमी नसतात. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये टू-हाय, फोर-हाय, फोर-लो असे तीन खटके असतात, फोर-हाय फक्त बर्फावर किंवा चिखलावर, कोरड्या डांबरावर नाही, कारण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचं अंतर वेगळं पडतं आणि मधे तो फरक जिरवणारं काही नसतं, सगळा पीळ ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्यावर येतो. फोर-लो अडकल्यावर हळू बाहेर काढायला.

थांबवतं ते टायर. साधं ऑल-सीझन रबर ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं रबर मऊ राहतं, फरक नुसत्या नक्षीचा नाही. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असं चित्र बघा, ते बर्फावर चाचणी झाल्याचं, नुसतं एम प्लस एस, म्हणजे मड अँड स्नो, लिहिलेलं असेल तर अशी चाचणी झालेली असेलच असं नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायरची सक्ती आहे, शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या बहुतेक रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून एम प्लस एस किंवा डोंगराच्या चित्राचे टायर लागतात, आमच्या अल्बर्टात सक्ती नाही, त्यामुळे गोटा झालेल्या टायरवर फिरणारे महाभाग दिसतात. हवेचं गणित लक्षात ठेवा, तापमान साडेपाच डिग्रीने उतरलं की हवा एक पाउंड उतरते. सप्टेंबरच्या २० डिग्रीत ३५ भरली असेल तर मायनस ३० ला ती २६ च्या आसपास आलेली असते, पंक्चर नाही काही नाही. महिन्यातून एकदा गार टायरवर चेक करा.

आणि गंज. रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं, कोकणात समुद्राकाठच्या गाड्यांची काय दशा होते तेच, फक्त इथे मीठ खालून वर उडतं, म्हणून वरून चकचकीत गाडीचं चेसिस, ब्रेकच्या नळ्या आणि पाट्यांच्या जोडण्या कुजलेल्या निघतात. जुनी पिकअप घेताना गुडघे टेकून खाली बघा, हातात एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन चेसिसला टोचा, ओंटारिओतून आलेली असेल तर दोनदा टोचा, तिथे मीठ जास्त पडतं. दर शरद ऋतूत खालून तेलाचा फवारा मारून घेतात, मी मारून घेतो, शर्टाला डाग पडतात पण परवडतं.

बाकी किरकोळ: काचेवर कधीही गरम पाणी ओतू नका, तडकते. वायपरच्या टाकीत मायनस ४० चं निळं पाणी भरा, साधं पाणी भरलंत तर टाकीच फुटेल. दरवाज्याच्या रबराला सिलिकॉन पुसा, म्हणजे हँडल हातात येणार नाही. हँडब्रेक ओल्या गाडीला लावून रात्रभर ठेवू नका, गोठून चिकटतो, सपाटीला गिअर पार्कमध्ये टाकला की पुरतं. सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढल्याशिवाय गाडी चालू करून आत बसू नका आणि बंद गॅरेजमध्ये तर चालू करूच नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, माणूस झोपेतच जातो. सीटमागे फावडं, केबल, जाड गोधडी. आणि आईला सांगा की "फील्स लाइक मायनस ४५" हा आकडा आपल्यासाठी असतो, गाडीसाठी नाही, वाऱ्याने इंजिन लवकर गार होतं पण बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गार होऊच शकत नाही.

राहता राहिला तो प्लग. सकाळी अंधारात, घाईत, हातात कॉफी, प्लग काढायचा राहतो आणि गाडी रिव्हर्सला टाकली की फट्कन आवाज येतो, मग भगवी वायर रस्त्यावरून फरपटत ऑफिसपर्यंत. मी दोन तोडल्या. आता रात्री लावतानाच वायरचा एक वेटोळा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावर टाकून ठेवतो, तो काढल्याशिवाय दारच नीट उघडत नाही.